नजरेचा कल

सातारा,
७ ऑक्टोबर १९९६

चि. ऋचास मावशीचे आशीर्वाद आणि एक कानपिचकी,

गणपतीला येते म्हणालीस आणि आली नाहीस. तुझ्या आईने कळवलं, तू म्हणे सांगलीत लोकांच्या डोळ्यांसमोर दिवे लावून बसतेस. लाव बाई दिवे. पण इतके डोळे तपासतेस, त्यात एखादा नवरा म्हणून तपासलास तर कॉलेज काही काढून टाकणार नाही. असो. ही झाली चेष्टा. पत्राचं कारण वेगळं आहे.

तुझ्या काकांना झटका येऊन या दसऱ्याला वर्ष होईल. वाचा गेली, हातपाय गेले. धरून बसवलं की बसतात, भरवलं की गिळतात. डोळे उघडे असतात, पण समोर जे येईल त्याच्यावरच टिकून राहतात. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, यांना काही कळत असेल असं वाटत नाही. इथले डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. घरातल्या सगळ्यांनी पुण्याचं ऐकलं, मी साताऱ्याचं.

मी रोज ह्यांच्याशी बोलते. भाजी काय आणली, कुणाचं लग्न ठरलं, कृष्णेला पाणी किती आलं, सगळं सांगते. आमचे थोरले दीर भाऊसो तुला आठवत असतील, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. ते म्हणतात, "भिंतीसंगं बोलून भिंत बोलती व्हय? त्येला काय बी कळत न्हाई आता." ह्यांच्यासमोर म्हणतात. मुकुल नाशिकहून आला होता. बाबांना मिरजेच्या नर्सिंग होममध्ये ठेवू आणि तू माझ्याकडे चल, असं त्याचं म्हणणं. पोरगा वाईट नाही गं. उचलठेव करून माझी पाठ गेली आहे, ते त्याला बघवत नाही. संक्रांतीला न्यायला येतो, तोवर मन तयार कर म्हणाला.

मला एवढंच हवं आहे, ह्यांना मी कळते का? कळत असेन, तर कुणी हाताला धरून ओढलं तरी या घरातून हलणार नाही. कळत नसेन, तर मुकुलचं ऐकेन. तुझ्या यंत्राला हे विचारता येईल का? फोन करू नकोस. फोन भाऊसोंच्या खाटेशी आहे.

तुझी
गोदामावशी


सांगली,
१५ ऑक्टोबर १९९६

ती. मावशीस सा. नमस्कार,

तुझं पत्र मी सरळ नेऊन सरांपुढे ठेवलं. नवरा तपासण्याचा मजकूर घडी घालून झाकला होता, पण ते वाचून हसले, म्हणजे घडी नीट बसली नसावी.

माझे गाईड शमशेरसर मिरजेचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवायचं काम. त्या घरातला हा मुलगा शिकून डोळ्यांच्या मागे लागला. आमचं यंत्र त्यांनी स्वतः जुळवलंय. एक दिवा आहे, त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही. तो डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर पडतो आणि डोळा केसभर हलला तरी कागदाच्या पट्टीवर पेनाचं टोक हलतं. सर ते लावत असताना बघत राहावंसं वाटतं. सतारीची घोडी घासून सूर खुलवणाऱ्या, जवारी काढणाऱ्या माणसासारखे श्वास धरून बसतात.

आता आम्ही काय शोधतो ते सांगते. तू भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे टक लावून बघ. तुला वाटेल डोळा थांबला. तो थांबत नाही. बारीक बारीक झटके देत राहतो, इतके बारीक की समोरच्याला दिसत नाहीत, आपल्याला जाणवत नाहीत, आणि आवरू म्हटलं तर आवरत नाहीत. ते मुळीच थांबले तर समोरचं चित्रच विरून जाईल. सरांचं म्हणणं असं, की नजर ठिपक्यावर असली तरी मन बाजूच्या एखाद्या गोष्टीकडे ओढलं गेलं, की या झटक्यांचा कल किंचित त्या बाजूला होतो. भुकेल्या माणसाच्या एका बाजूला गरम भज्यांचं चित्र ठेव आणि दुसऱ्या बाजूला विटेचं. तो ठिपक्याकडेच बघेल, पण झटके भज्यांकडे जास्त जातील. पुष्कळ मोठी मंडळी म्हणतात यात काही अर्थ नाही. सर त्यांच्याशी वाद घालत नाहीत. पुन्हा मोजायला बसतात.

काकांची नजर समोर टिकते म्हणतेस, म्हणजे मधल्या दिव्यावर टिकेल. एका बाजूला तुझा फोटो, दुसऱ्या बाजूला तुझ्याच वयाच्या अनोळखी बाईचा. बाजू अदलून बदलून पुष्कळ वेळा दाखवू. सर म्हणाले, "मावशींना लिहा, वचन देत नाही. पण काका कंटाळेपर्यंत मी कंटाळणार नाही."

दिवाळीनंतर घेऊन ये. तूही ये.

तुझी
ऋचा


सातारा,
१८ नोव्हेंबर १९९६

चि. ऋचास आशीर्वाद,

भाऊसोंना विचारायला मी आठवडाभर धीर गोळा करत होते. "येड्याचा बाजार हाय," असं भिंतीकडे बघून म्हणाले, आणि संध्याकाळी स्वतःच जीप ठरवून आले. मागे गादी कशी टाकायची, उशा कुठे लावायच्या, सगळं पलटणीच्या शिस्तीत आखलंय. शुक्रवारी निघतील. कऱ्हाडला थांबून ह्यांना दूध पाजायचं, ते मी बजावून सांगितलं आहे.

मी येत नाही. मी समोर असले तर तुला खरं बोलवणार नाही, माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी गोड सांगशील. काळजी करू नकोस, भाऊसो ह्यांना क्षणभर नजरेआड करणार नाहीत. फोटो सोबत पाठवते. मुकुलच्या लग्नातला आहे, त्यातली बाकीची मंडळी स्टुडिओवाल्याने कापून दिली. मीच तेवढी उरले आहे आणि जरा घाबरलेली दिसते, पण आहे मी ती.

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. असल्या माणसाच्या हाताखाली शिकतेस, पूर्वपुण्याई आहे.

तुझी
गोदामावशी


सांगली,
२६ नोव्हेंबर १९९६

ती. मावशीस सा. न.

काका सुखरूप पोहोचले असतील. तपासणी पार पडली. निकाल हवा तितका स्पष्ट आला नाही, अशा कामात तसं होतं. भाऊसोंनी काकांना जीपमधून एकट्याने उचलून माडीवर आणलं. या वयात! आम्ही दोघं धावलो तर हात झटकला त्यांनी. दिवसभर काकांच्या पाठीशी खुर्ची टाकून ताठ बसले होते, पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

तब्येतीला जप. बाकी सर्व ठीक.

ऋचा


सातारा,
२ डिसेंबर १९९६

चि. ऋचा,

तू शाळेत असताना गणितात नापास झालीस, तेव्हाही मला असंच पत्र पाठवलं होतंस. बाकी सर्व ठीक. एरवी पाच पानं लिहिणारी पोर पोस्टकार्डाएवढं लिहिते, म्हणजे काहीतरी गिळून बसली आहे.

मी समजायचं ते समजले. ह्यांना मी कळत नाही. मुकुलला कळवते, येते म्हणून. साड्या काढून पलंगावर ठेवल्या आहेत. ट्रंकेत अजून एकही घातली नाही, ती गोष्ट वेगळी. मनुबाई, भांड्याला येते ती, विचारत होती, "काकी, कुटं निघाला वं?"

पण तुझ्या हातचं मला वाचायचं आहे. माझी दया करू नकोस. दया करणारे घरात पुष्कळ आहेत. यंत्र काय म्हणालं ते लिही.

गोदामावशी


सांगली,
७ डिसेंबर १९९६

मावशी,

तुझा अंदाज खरा. मी गिळलं होतं.

पट्टी वाचताना कुठल्या बाजूला कुठला फोटो होता, हे मला ठाऊक नसतं. ते सर लपवून ठेवतात, म्हणजे माझ्या मनातलं मी कागदावर वाचू नये. मी सगळे कल मांडले आणि मग सरांनी बाजू सांगितल्या. काकांचा कल त्या अनोळखी बाईकडे होता. तू डावीकडे असलीस की उजवीकडे, उजवीकडे असलीस की डावीकडे. मग आम्ही दुसऱ्याच एका बाईचा फोटो लावून पाहिला. तरी तेच. तुझ्यापासून दूर.

सरांचा चेहरा मात्र उजळला. म्हणाले, "ज्याला काही कळत नाही, त्याचे झटके इकडे तिकडे सारखेच पडतात. इथं एकाच फोटोला दर वेळी वळसा पडतोय. वळसा घालायचा तर आधी ती गोष्ट ओळखावी लागते. हा माणूस आत जागा आहे, ऋचा." दोन वर्षांत त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी ऐकलं नव्हतं. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे. काकांना तू कळतेस.

पण का वळतात? लहानपणी मी सुट्टीत तुमच्याकडे यायची, तेव्हा काकांना कधी तुझ्याकडे बघताना पाहिलं नाही. जेवताना मीठ हवं असलं तर ते मला सांगायचे, मावशीला सांग. तू हातभर अंतरावर असायचीस. मला वाटायचं, तुमचं काहीतरी जुनं भांडण आहे. पट्टी बघून तेच आठवलं आणि हात थांबला. ते तुला ओळखतात आणि तोंड फिरवतात, हे मी तुला कसं लिहायचं होतं?

सरांनी मला चांगलं झापलं. म्हणाले, "मोजणं आपलं काम. लपवणं नाही."

ऋचा


सातारा,
११ डिसेंबर १९९६

माझ्या बाळे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा इतकी हसले की मनुबाई राखेचे हात घेऊन धावत आली.

अगं शहाणे, एवढं शिकलीस आणि एवढंसं लक्षात आलं नाही? खोलीत कोण बसलं होतं? पाठीशी खुर्ची टाकून, दिवसभर, ताठ?

ह्यांचे वडील लवकर गेले. भाऊसोंनी ह्यांना वाढवलं. त्यांच्यासमोर ह्यांनी कधी विडी पेटवली नाही, कधी खुर्चीत बसले नाहीत, आणि मान वर करून बायकोकडे कधी बघितलं नाही. या घरची रीतच तशी. थोरल्यासमोर बायकोकडे बघणं म्हणजे निलाजरेपणा. मुकुल तान्हा असताना भाऊसो सुट्टीवर आले की हे त्याला मांडीवरसुद्धा घेत नसत. पोर रडून लाल व्हायचं आणि हे भिंतीवरच्या कॅलेंडरात डोकं घालून बसायचे. भाऊसोंच्या वहाणा ओसरीवर करकरल्या की ह्यांचे डोळे आपोआप माझ्यावरून निघायचे. तुला ते भांडण वाटलं होय?

आणि घराबाहेर कसे होते सांगू? हे एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. मी माहेरी निघाले की वाईची गाडी लागलेली असायची. हे कर्ण्यावरून पुकारायचे, वाईला जाणाऱ्या प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावे. मी बसले तरी पुकारायचे. गाडी भरली तरी पुकारायचे. एकदा कंडक्टर खालून ओरडला, "सायेब, आवं उभं राह्यला जागा न्हाई, आता कुणाला बोलावताय?" मी खिडकीतून बघितलं तर केबिनच्या काचेआडून माझ्याकडे टक लावलेली. मी मेले लाजेने. अशा माणसाला तू तोंड फिरवणारा म्हणतेस.

हातपाय गेले, वाचा गेली, मानेचा तोल गेला, पण मर्यादा गेली नाही गं ह्यांची. नुसता फोटो होता, आणि तेसुद्धा डोळ्यांचे असे झटके, जे कुणाला दिसत नाहीत म्हणतेस. तरी भाऊसो मागे बसलेत म्हणून तिथेही जपलं. मला ह्या माणसाचा एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता.

पण थांब. तुझ्या सरांचं पत्रातून ऐकून मीही थोडी शहाणी झाले आहे. मला हवं तेच मी वाचत असेन. म्हणून पुन्हा एकदा तपास. भाऊसोंना खोलीबाहेर बसव. तरीही कल माझ्यापासून दूरच गेला, तर तुझं खरं. ज्या माणसाला मी नकोशी आहे, त्याच्या उशाशी मी बसणार नाही, नाशिकला जाईन. साड्या पलंगावरच आहेत. मी याही वेळी येत नाही. जे होईल ते स्वच्छ लिहायचं.

तुझी
गोदामावशी


सांगली,
२८ डिसेंबर १९९६

ती. मावशीस,

स्वच्छ लिहिते. काका तुझ्याकडे बघत होते.

आता सगळं क्रमाने सांगते. भाऊसोंना सरांनी चहाच्या निमित्ताने खाली पाठवलं. त्यांच्या वहाणा जिन्यावरून करकरत उतरल्या, आवाज थांबला, मग आम्ही फोटो दाखवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने त्यांना वर बोलावून पूर्वीसारखं पाठीशी बसवलं. मग पुन्हा खाली. ते चिडले. "सर, ह्यो काय कवायतीचा परकार हाय का?" सर हात जोडून म्हणाले, "हवालदारसाहेब, एवढं ऐका माझं."

मी पट्टी वाचली, नेहमीप्रमाणे काही ठाऊक नसताना. सर एकेक सांगत गेले. भाऊसो बाहेर, तुझ्याकडे. भाऊसो आत, तुझ्यापासून दूर. भाऊसो बाहेर, पुन्हा तुझ्याकडे. मावशी, जे तू स्वयंपाकघरात बसून ओळखलंस ते आम्हाला यंत्र पुढ्यात असून सुचलं नाही. सर म्हणाले, "तुमच्या मावशींना माझा सलाम लिहा."

भाऊसो वर आले. "काय झालं? कळतंय का न्हाई त्येला?" सरांनी त्यांना खुर्चीत बसवून सगळं समजावलं. पट्टीवर बोट ठेवून दाखवलं, तुम्ही इथे नव्हता, तुम्ही इथे होता. भाऊसोंनी त्या रेघांवरून स्वतःचं बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "मजी, मी बसलोय म्हून बघंना व्हय?"

सर म्हणाले, "हो."

ते उठले. दाराशी वहाणा काढल्या आणि अनवाणी काकांच्या समोर जाऊन उभे राहिले. मग खाली जमिनीवर बसले. माझ्यासमोर, सरांसमोर. काकांचा हात हातात घेतला. "मधू, आरं, वरीसभर तुज्यासमोर काय काय बोललो रं म्या. समदं ऐकलंस व्हय?" मी कुठे बघावं ते मला कळेना. मग भाऊसो डोळे पुसून म्हणाले, "बघ की रं तिच्याकडं. म्या कवा न्हाई म्हणलं हुतं?"

सरांनी मला खूण केली आणि मी यंत्र चालू केलं. भाऊसो हात धरून तिथेच बसलेले. पहिल्या काही झटक्यांना कल तुझ्यापासून दूर, नेहमीसारखा. मग इकडे तिकडे सारखा. आणि मग हळूहळू तुझ्याकडे.

सरांनी लगेच बजावलं, हे शेवटचं एवढंसं आहे, याच्यावरून काही सिद्ध होत नाही, प्रबंधात घालायचं नाही. मी हो म्हटलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी कुठल्याच कामाला हात लावला नाही.

मी हे काम का करते असं तू मागे विचारलं होतंस. हे पत्र म्हणजे त्याचं उत्तर समज.

तुझी
ऋचा


सातारा,
३ जानेवारी १९९७

चि. ऋचास,

मुकुलला पत्र टाकलं. लिहिलं, संक्रांतीला न्यायला येऊ नकोस, तिळगूळ घ्यायला ये, आणि आलास की आधी बाबांच्या पाया पड, त्यांना कळतं. साड्या कपाटात गेल्या. भाऊसोंनी ह्यांना उचलायला रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः यायचं ठरवलं आहे, माझ्या पाठीला आराम. ह्यांच्यासमोर आता कुणी वाकडं बोललं तर ते पलटणीच्या आवाजात दटावतात.

तुझं आणि तुझ्या सरांचं ऋण कसं फेडू? फेडत नाही. तसंच राहू दे.

कालची एक गोष्ट सांगते आणि थांबते. सकाळी नेहमीसारखी स्टूल घेऊन ह्यांच्यासमोर बसले. वर्षभर मी ह्यांच्याशी काय नाही बोलले? भाजीपाला, शेजारणींची भांडणं, माझं दुखणं. रडले, रागावले, एकदा तर चांगल्या शिव्या दिल्या, मला एकटीला सोडून असे गप्प कसे बसलात म्हणून. इतकं मोकळं बोलवत होतं, कारण ऐकतंय कोण, असं आत कुठेतरी मलाही वाटत होतं गं. काल बसले, ह्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. कान तापले. या वयात, नव्या नवरीसारखी, पदराचं टोक पिळत बसून राहिले.

भाऊसो बाहेर ओसरीवर होते. ते आत आले नाहीत. मी या घरात आल्यापासून ते माझ्याशी कधी सरळ बोललेले नाहीत, मला काही सांगायचं असलं तर मुकुलला सांगत, नाहीतर मनुबाईला. काल दाराआडून, माझं नाव घेऊन म्हणाले, "गोदावरी, बोल की गं. त्यो वाट बघत असंल."

तुझी
गोदामावशी